मांजरीच्या डोळ्यातलं मलम

मी लग्न होऊन पाटणजवळच्या सासरी आले, तेव्हा सुनेनं सासऱ्यांसमोर बसायचं नाही अशी घरात रीत होती. शतक संपत आलं होतं, पण ते आमच्या आळीला कुणी कळवलं नव्हतं. नवरा पलटणीत, सासूबाई अबोल. मामंजी, म्हणजे सासरे, खाकरून आत यायचे आणि चहा हवा असला तरी सासूबाईंमार्फत सांगायचे. मला बोलायला वाईहून, माहेरून आणलेली मांजर तेवढी होती.

एकदा ती कुठूनशी भांडून आली आणि तिचा डावा डोळा मिटलेलाच राहिला. पाणी गळायचं. दुसऱ्या दिवशी बुबुळ पांढुरकं दिसू लागलं. मामंजी सासूबाईंना म्हणाले, "फूल पडाय लागलंय. बैलाला करतो तशी तंबाखू चघळून फुंकतो, म्हंजे उतरंल."

आधीच दुखरा डोळा, त्यात तंबाखू. पदर सावरून मी पहिल्यांदाच त्यांच्याशी थेट बोलले, "मामंजी, तंबाखू नको. दवाखान्यात न्या तिला."

सासूबाईंनी डोळे वटारले. मामंजी बाहेर गेले. आता आपली रवानगी माहेरी, असं मी धरूनच चालले. थोड्या वेळानं ते पिशवी घेऊन आले आणि मलाच म्हणाले, "घाल हिला ह्यात."

जनावरांच्या दवाखान्यातून ते मलम घेऊन परतले. नख लागून बुबुळाला जखम झाली होती. "तंबाखू घातली असती तर डोळा गेला असता, म्हनला डाक्टर," हेही त्यांनी स्वतःच सांगितलं. त्या क्षणी मला ते फार आवडले.

मलम दिवसातून तीनदा घालायचं आणि त्याला माणसं लागणार दोन. सासूबाई नखांना भ्यायच्या. मग मीच पुढच्या सोप्यात मामंजींसमोर मांडी घालून बसले आणि मांजर टॉवेलात गुंडाळून धरली.

"घट धर."

"धरलीय."

सुरुवातीला एवढंच. मग हळूहळू मामंजी स्वतः पलटणीत होते तेव्हाच्या गोष्टी निघाल्या, माझ्या माहेरच्या माणसांची चौकशी झाली.

डोळा उघडला. बुबुळावर बारीक डाग राहिला, पण बाईसाहेब पुन्हा चिमण्यांवर नेम धरू लागल्या. मलमाचं काम संपलं. संध्याकाळी सवयीनं मी सोप्यात आले, तर मांजर कौलांवर. मी परत फिरले.

मामंजी म्हणाले, "मांजर न्हाई म्हणून काय झालं? बस की, पोरी."