डोह सुटला का?

पाण्याच्या तपासणीत निकाल दोनच. योग्य, नाहीतर अयोग्य. एका शब्दात काम संपतं! पण बाटली भरायला निघाल्यापासून तो शब्द कागदावर येईपर्यंत मधे जी माणसं भेटतात ना, त्यांचं काय करायचं? ती रोज घरी जेवणाच्या ताटापर्यंत येतात. मी सांगत बसते आणि भाजी थंड होते. नवरा विचारतो, "तू पाणी आणायला जातेस की गोष्टी?" दोन्ही आणते, बाबा! गोष्टींना फ्रीज लागत नाही एवढंच.

तर आधी मंडळी सांगते. आमची लॅब अमरावतीला राजापेठेत, पहिल्या मजल्यावर. खाली ट्यूशन क्लास, त्यामुळे जिन्यात कायम चपलांचा ढीग आणि दारात स्कूट्यांची गर्दी. तिथून मी दर महिन्याला वलगावच्या पुढे, पेढी नदीच्या काठावरच्या एका गावात जाते. त्या गावचे दोन बालमित्र आहेत. एक वकीलसाहेब, अमरावतीला प्रॅक्टिस करतात. दुसरे गुरुजी, गावातच भिक्षुकी करतात. दोघं गावच्या डोहात पोहायला शिकले आणि नातवंडांनीही तिथंच शिकावं, हा दोघांचा हट्ट. डोहाचं पाणी तपासायच्या ह्या भानगडीत मला त्यांनीच ओढलं, म्हणजे तिसरी मी.

चौथी शेवंताबाई. जातीची भोई, साठीच्या आसपासची. डोहात उतरून शिंपले, झिंगे काढायचे आणि बाजारात विकायचे, हे तिच्या आजीपासूनचं काम. आता शिंपला हा प्राणी दिवसभर पाणी गाळत बसतो. म्हणजे नदीत आपण जे सोडू, ते सगळं त्याच्या पोटात! पहिला निकाल 'अयोग्य' आला आणि आम्हीच तिला सांगितलं, बाई, पाणी सुधारेपर्यंत डोहात उतरू नकोस, शिंपले विकू नकोस.

तिनं ऐकलं. दुसऱ्याच्या शेतात निंदणाला जायला लागली. पण दर महिन्याला माझी गाडी घाटावर थांबली की ही हजर! "मॅडम, माहा डोह सुटला का?"

मी मान खाली घालायची. वकीलसाहेब सांगायचे, "नाही शेवंते, पुढची तारीख पडली." ती पदर खोचून परत जायची. मला फार वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

* * *

पहिल्याच खेपेची गोष्ट. पावसाळा नुकताच संपला होता, घाटावर ही निसरड! माझा पाय घसरला, गुडघा फुटला. जवळच्या घरातल्या काकू धावत आल्या. मला ओट्यावर बसवलं, हळद लावली. मी म्हटलं, "काकू, तेवढी एक बाटली भरून आणता का? आतून हात लावू नका फक्त." काकू बाटली घेऊन गेल्या आणि चुटकीसरशी परत आल्या. पाणी कसं? आरशासारखं!

मला शंका आली. "काकू, हे नदीचंच ना?"

"छ्या! आरोचं हाय. परवाच मशीन बसवली."

"अहो, मला नदीचं हवं होतं!"

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काई बी काय मॅडम! घरी आलेल्या पाव्हण्याले कोनी नदीचं पानी देते का?"

आता बोला! मी म्हटलं, "काकू, तुम्ही देत नाही, मग तुमची पोरं त्यात पोहतात ती?" काकू स्वतःच उठल्या, मला हात दिला आणि घाटावर घेऊन गेल्या. पुढच्या महिन्यापासून त्यांची पोरं घाटावर दिसली नाहीत.

* * *

गुरुजींना मात्र पटत नव्हतं. "नदी ही माता आहे मॅडम. आई कधी घाण होते काय?" मी त्यांच्या हातात एक छोटी बाटली दिली. तिच्यात औषध असतं. पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि उबेला ठेवायची. पाणी चांगलं असेल तर रंग फारसा बदलत नाही, पाण्यात घाण असेल तर काळं ठिक्कर पडतं. म्हटलं, "गुरुजी, तुमच्या हातानं भरा, तुमच्या घरी ठेवा. मी हातसुद्धा लावत नाही."

गुरुजींच्या घरात उबेची जागा कुठली? देवघर! समई असते ना. त्यांनी बाटली ठेवली बाळकृष्णाच्या मागे आणि शेजारच्या गावी लग्न लावायला गेले.

दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या घरच्या काकू पूजेची भांडी घासायला काढतात, तर देवामागे काळं पाणी भरलेली बाटली! बाईंच्या छातीत धस्स झालं. गुरुजी घरी येतात तो ओसरीवर आळीतल्या साऱ्या बायका, उंबऱ्यात लिंबू-मिरची, आणि काकू रडकुंडीला आलेल्या. "आपल्या घरावर कोनी तरी करनी केली हो! देवाच्या मांगं आणून ठेवली! कोनं केलं असन हे?"

गुरुजींनी बाटली उजेडात धरली. आणि म्हणाले, "साऱ्या गावानं केलं. त्यात आपन बी हाओत."

त्यानंतरच्या ग्रामसभेत गुरुजी ती बाटली घेऊन उभे राहिले. म्हणाले, ज्याच्या घरचं सांडपाणी नदीत जातं, त्याच्या घरचं श्राद्ध मी घाटावर करणार नाही! असा दम आमच्या कुठल्या रिपोर्टनं कधी दिला नव्हता. घरोघर शोषखड्डे खणले जाऊ लागले. पहिला खड्डा गुरुजींच्या परसात.

* * *

पण शोषखड्डे एका दिवसात होत नाहीत. तोवर लोकांना पाण्यात उतरू द्यायचं नाही, तर काय करायचं? वकीलसाहेबांनी डोकं लावलं. "धोक्याची खूण म्हणून घाटावर लाल झेंडा लावू. अडाण्यालाही कळेल!" मला पटलं. उंच बांबूला मस्त लाल कापड बांधलं आणि आम्ही ऐटीत अमरावतीला परत आलो.

पुढच्या महिन्यात जाऊन पाहतो तर काय! बांबूच्या बुडाशी दगड, दगडाला शेंदूर, पुढं नारळ, उदबत्ती. आणि घाटावर ही गर्दी! पूर्वी येत नव्हते तेसुद्धा अंघोळीला यायला लागले होते. एक म्हातारे डोकं पुसत मला म्हणाले, "बम कडक देव हाय मॅडम. आंग धुवून दर्शन घ्या."

वकीलसाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. आम्ही गुरुजींकडे गेलो, म्हटलं आता तुम्हीच काहीतरी करा. गुरुजी वैतागले. "काय करू? झेंडा काहाडला तं पाप, ठेवला तं जुलाब!"

रात्रभर विचार केला त्यांनी. सकाळी साग्रसंगीत पूजा केली, देवाची क्षमा मागितली आणि वाजतगाजत झेंडा, दगड, नारळ सगळं उचलून वरच्या हापशीजवळ नेऊन बसवलं. "देवानं दृष्टान्त दिला. त्याले आता तिथं ऱ्हायचं हाय."

तेव्हापासून गाव हापशीवर अंघोळ करतं. हापशीचं पाणी मी आधीच तपासलं होतं, उत्तम आहे. मी गुरुजींना विचारलं, "खरंच दृष्टान्त झाला?" तर म्हणाले, "तुमची बाटली काई कमी दृष्टान्त हाय का?"

* * *

आता आमच्या घरचा एक. शिंपले तपासायचे म्हणजे त्यांचा गर काढून वाटावा लागतो. ऐन वेळी लॅबचा मिक्सर जळला. मी घरातला माळ्यावरचा जुना मिक्सर पिशवीत घातला आणि गुपचूप घेऊन गेले. आमचं घर शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. म्हटलं, माळ्यावरचा मिक्सर कोण विचारतंय?

नेमका त्याच आठवड्यात सासूबाईंचा नवा मिक्सर बंद पडला!

"जुना कोठी हाय गं?"

"लॅबमध्ये."

"काहून?"

मला खोटं पटकन सुचत नाही. सांगून टाकलं. सासूबाईंनी पाटा-वरवंटा काढला आणि चटणी वाटायला बसल्या. वरवंट्याचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जात होता. दोन दिवस घरात फक्त वरवंटा बोलत होता, बाकी सगळे गप्प.

तिसऱ्या दिवशी मी डबा भरत होते, तर मागून आवाज आला. "मंग? पास झाले का ते?"

"कोण?"

"तुझे शिंपले गं! त्या बिचाऱ्या बाईचं पोट हाय ना त्याच्यावर?"

नाही झाले म्हटल्यावर त्या स्वतःच हळहळल्या. आणि मिक्सर? तो आता लॅबचाच. त्यावर सासूबाईंनी हळदीकुंकू वाहून रीतसर निरोप दिला आहे.

* * *

वकीलसाहेबांचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. त्यांची अकोल्याला तारीख होती. मी म्हटलं, "साहेब, येताना बार्शीटाकळीकडच्या नदीचाही एक नमुना आणा, तुलना करता येईल. पण बर्फाच्या पेटीत आणा आणि वेळेत आणा. उशीर झाला की वाया!" त्यांनी पेटीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवली, 'अत्यंत तातडीचे. हलवू नये.' आणि अकोला स्टँडवर एसटीत बसले. अंगात काळा कोट, मांडीवर पेटी.

कंडक्टरनं चिठ्ठी वाचली. पेटीकडे बघितलं. मग हळूच विचारलं, "साहेब, काळीज हाय का किडनी?"

वकीलसाहेब तोंड उघडणार, एवढ्यात कंडक्टर ड्रायव्हरकडे पळाला. मग काय विचारता! गाडी अशी सुटली, की मूर्तिजापूरला ड्रायव्हरनं चहासुद्धा घेतला नाही. एका मावशीनं देवाचं नाव घेत पेटीला हात लावून नमस्कार केला. मागच्या सीटवरच्या एका पोट्ट्यानं मोबाइलवरची गाणी बंद केली. एरवी कोर्टात तासभर बोलणारे वकीलसाहेब अमरावतीपर्यंत घाम पुसत गप्प बसले होते. एवढा चांगुलपणा पाहून खरं सांगायची त्यांची हिंमतच होईना.

अमरावतीला उतरताना कंडक्टरनं पेटी स्वतः धरली. डोळ्यांत पाणी! "साहेब, एवढं सांगा, कोनाले लावनार?"

वकीलसाहेबांनी टाय सारखा केला. "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे."

नमुना मात्र वेळेच्या कितीतरी आधी पोचला.

* * *

आणि मग, काही वर्षं गेल्यावर, ह्या थंडीत आमच्या पेढीचा निकाल चांगला आला. मी कुणालाच सांगितलं नाही. पुन्हा तपासलं, पुन्हा चांगला. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. शिंपल्यांचा गरही पास. मी लॅबमध्ये एकटीच खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. खालच्या क्लासमधले सर वर येऊन विचारून गेले, काय झालं म्हणून. मग वकीलसाहेबांना फोन केला, निकाल घेऊन येते एवढंच सांगितलं.

घाटावर पोचले तर अख्खं गाव जमलेलं. वकीलसाहेब पहाटेपासून टॉवेल गुंडाळून तयार. शेवंताबाई नेहमीसारखी पुढं आली, पण आज तिनं विचारलंच नाही. नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"शेवंताबाई, डोह सुटला!"

मला वाटलं होतं, ती हसेल, रडेल, काहीतरी करेल. ती डोहाकडे बघून म्हणाली, "पानी पास झालं मॅडम. पन आतमंदी काय उरलं असन?"

तपासायला मिळायचे ते शिंपले सगळे म्हातारे, तळहाताएवढे, पिल्लू एकही नाही, आणि दर खेपेला आधीपेक्षा कमी.

तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "मॅडम म्हनते पानी चांगलं हाय, तं मॅडमनं पयले उतरावं!" लगेच सगळ्यांनी उचलून धरलं. गुरुजीसुद्धा त्यातच! मी घाबरले. "अहो, मला पोहता येत नाही!"

मग जो हशा पिकला! इतकी वर्षं कुणी पोहायचं नि कुणी नाही ते सांगणारी मीच!

शेवंताबाईनं माझा हात धरला. "पोहाले कोन सांगून राह्यलं तुले? नुसती उभी राय. मी हाओ नं सोबत."

आणि मी सलवार-कमीजमध्ये, सगळ्या गावासमोर, उतरले. पाणी गार होतं. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. पायाखाली मऊ गाळ. शेवंताबाई माझ्याशेजारी पाय सरकवत चालत होती. शिंपला असा पायानं शोधतात, हे मला तेव्हा कळलं. ती शोधत होती आणि तिला काही सापडत नव्हतं. तिचा चेहरा उतरत चाललेला मला दिसत होता.

तेवढ्यात माझ्या तळव्याला काहीतरी टोचलं.

"खडा लागला वाटतं."

"कोठी? हालू नको!" ती ओरडली. "खडा कसा हाय? गोल का चपटा?"

"चपटा. बारीक आहे."

"बूड! नाक धर अन् बूड!"

मी नाक धरलं, डोळे मिटले आणि खाली गेले. कशी वर आले देव जाणे! नाकातोंडात पाणी, पण मूठ घट्ट. घाटावरून टाळ्या. मी मूठ उघडली. नखाएवढा शिंपला, हिरवट, मिटलेला.

शेवंताबाईनं तो माझ्या तळव्यावरून उचलला नाही. वाकून बघत राहिली. तिच्या तोंडावरून पाणी ओघळत होतं. काठावरून वकीलसाहेब ओरडले, "काय सापडलं, शेवंते?"

तिनं माझी मूठ दोन्ही हातांनी मिटून हळूच पाण्यात नेली.

"लहान हाय," ती म्हणाली. "सोडून दे त्याले."