चुलीमागचा पांढरा पट्टा

"डुकरानं फाडलं वो पोरीला! रानडुकरानं!"

ताम्हिणीकडच्या एका शेतकऱ्याची ही आरोळी दवाखान्यातून निघाली, ती आमच्या ठाण्याच्या कौलांवर आदळली. दोन कौलं निसटली, असं मी आजवर सांगत आलोय. मोजायला कुणी गेलेलं नाही. सत्तरचं दशक सरत आलं होतं, मी मुळशीत फौजदार. पाऊस असा, की स्टेशन डायरीत केलेली नोंद वाहत शेजारच्या तालुक्यात जायची.

डॉक्टरांनी बोलावून घेतलं. त्याच्या सोळा वर्षांच्या मुलीच्या उजव्या हातातून त्यांनी छर्रे काढले होते.

"फौजदार, तुमच्या हद्दीतली डुकरं बंदुका चालवायला लागली काय?"

बापाला बाकावर बसवून चहा पाजला. दरडावण्यापेक्षा चहानं माणूस लवकर बोलतो. हा गडी तीन कप रिचवूनही डुकरावर ठाम! पिकाच्या राखणीसाठी त्याच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. खरं बोलावं तर परवाना जाणार, मागोमाग भात डुकरांच्या घशात.

डॉक्टरांनी एक वही पुढे केली. बंदुकीनं जखमी झालेलं पोर आलं, की टाके घालून ते थांबत नसत. कुठे, कसं, बंदूक कुठे होती, सगळं टिपून ठेवत.

"बघा. शेतात एकही नाही. सगळी पावसाळ्यात, सगळी चुलीपाशी."

तेव्हा उमगलं. पावसात बंदुकीची दारू सादळते, म्हणून लोक भरलेली बंदूक चुलीवरच्या खुंटीला टांगत.

पंचनाम्याला गेलो. बंदूक माळ्यावर दडवलेली. पण चुलीमागच्या काजळलेल्या भिंतीवर तिच्याच आकाराचा पांढरा पट्टा. मी त्यावर नुसतं बोट ठेवलं. बाप बोलता झाला.

"पिठाचा डबा काढत हुती, साहेब. धक्का लागला." मग दारातल्या धाकट्या लेकीकडे बघून म्हणाला, "ही बी तितनंच डबा काढती."

मी परवाना रद्द करण्याचा अहवाल लिहायला घेतला. डॉक्टर म्हणाले, "लिहा. पुढच्या पोराच्या वेळी सगळा तालुका डुकराचंच नाव सांगेल. मग माझ्या वहीत काय लिहू?"

अहवाल बदलला. अपघात, सक्त ताकीद. पुढच्या हत्यार तपासणीला प्रत्येक परवानेदाराला बजावलं: बंदूक खुंटीला, ठिणगीची टोपी काढून कनवटीला; टोपीवाचून बार उडत नाही. कोणी केलं, एवढंच विचारायची मला सवय होती. पुन्हा कसं होणार नाही, हे विचारायला त्या वहीनं शिकवलं.

वर्षानं तो गृहस्थ तपासणीला आला.

"टोपी कुठाय?"

त्यानं कनवटीवर थाप मारली.

"आणि पोरगी?"

"लिवतीया आता. डाव्या हातानं."