मॅचआधीचं दोन मिनिटांचं भाषण

कोविडच्या दुसऱ्या वर्षी, मे महिन्यातल्या त्या शनिवारी दुपारी मी मॉसन लेक्सच्या घरून माझ्या जुन्या युनिच्या, म्हणजे विद्यापीठाच्या, मैदानाकडे निघाले होते. मागच्या सीटवर माझी सहा वर्षांची मुलगी होती. रेडिओवर बातम्या लागल्या. भारतातून येणारी विमानं बंद. आडमार्गाने कुणी आलंच, तर तो इथला नागरिक असला तरी दंड नाहीतर पाच वर्षांपर्यंत तुरुंग. मी रेडिओ बंद केला, पण तोवर तिने ऐकलं होतं.

"मम्मा, आर दे गोइंग टू पुट बाबा इन जेल?"

"नाही गं. बाबा तिकडेच आहे, आजीजवळ."

"बट ही लिव्ज हिअर."



माझा नवरा मार्चमध्ये पुण्याला गेला होता. सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला होता. तेव्हा देश सोडायलाही सरकारची परवानगी लागायची. दोनदा नाकारली, तिसऱ्यांदा दिली. तो पोचला आणि आठ दिवसांत सासरे गेले. एप्रिलमध्ये त्याला आणि सासूबाईंना दोघांनाही कोविड झाला. तो तापाने फणफणलेला असताना सासूबाईंसाठी ऑक्सिजनचा बेड शोधत होता. इकडे मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये स्वतःला म्यूट करून पुण्यातले नंबर फिरवत होते. दोघं वाचले. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो परत यायचा होता, तेवढ्यात हा हुकूम निघाला.

या मैदानावर मी पहिल्यांदा आले ती मास्टर्स करायला आले तेव्हा. पुण्यात कॉलेजच्या कबड्डी टीममध्ये होते. इथल्या मुलींनी फुटीच्या, म्हणजे इथल्या हातापायांनी खेळायच्या फुटबॉलच्या, टीममध्ये ओढलं. तो लांबट चेंडू पहिल्याच दिवशी माझ्या नाकावर बसला. पण पकड मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. घोटा धरायचा नाही, एवढंच नवीन होतं. दर वर्षी माजी विद्यार्थ्यांचा वीकेंड असतो आणि शनिवारी शहराच्या पलीकडच्या युनिच्या माजी मुलींशी आमची मॅच. हरलो तर वर्षभर टोमणे ऐकायचे. आदल्या वर्षी कोविडमुळे सगळं रद्द झालं होतं, म्हणून यंदा थाटामाटात होतं. निमंत्रणावर मोठ्या अक्षरांत 'घरी परत या' असं लिहिलं होतं.

माजी विद्यार्थ्यांचं ऑफिस सांभाळणाऱ्या बाईंनी मला महिनाभर आधीच विचारलं होतं, "मॅचआधी दोन मिनिटं बोलशील? इतक्या लांबून आलीस आणि इथे तुला घर मिळालं, असं काहीतरी." त्यांनी मजकूरही लिहून पाठवला होता. मी हो म्हटलं होतं. त्या शनिवारी न जाण्याचा विचार केला, पण टीममध्ये एक जण कमी पडत होती आणि मुलगी गालावर रंग लावून घ्यायला आठवडाभर वाट बघत होती.

गेटवर फोनने कोड स्कॅन करून आत गेले. आमची कॅप्टन धावत आली, आधी कोपर पुढे केलं आणि मग मिठीच मारली.

"कसा आहे गं तो?"

"बरा आहे. पण येऊ शकत नाही."

"नो वरीज, मेट. थोड्याच आठवड्यांचा प्रश्न आहे."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं, तरी माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "गेल्या वर्षी इंग्लंड-अमेरिकेत माणसं पटापट मरत होती. तिकडून येणाऱ्यांना कुणी तुरुंगाची धमकी दिली होती का?"

"मी असा विचारच केला नव्हता," एवढंच ती म्हणाली.

माईक हातात आला तेव्हा तो कागद मी खिशातच ठेवला. इंग्रजीत बोलले ते साधारण असं: "माझ्या मुलीचा जन्म इथला. माझा नवरा नऊ वर्षं इथे राहतोय. तो मरणाऱ्या वडिलांना भेटायला गेला. आज तो स्वतःच्या घरी यायला निघाला तर इथलं सरकार त्याला तुरुंगात टाकायची भाषा करतंय. आणि इथे घरी आल्यासारखं वाटतं, असं मी तुमच्यासमोर बोलावं अशी अपेक्षा आहे. मला नाही तसं वाटत."

दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या. कठड्याला टेकलेला, ब्लेझर घातलेला एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "राजकारण बाहेर ठेव, लव्ह. आज फुटी आहे."

मॅच सुरू झाली. समोरच्या टीममधली माझ्या वाट्याला आलेली मुलगी चपळ होती. तिने चेंडू घेतला आणि मी तिला कमरेत धरून आपटलं. शिट्टी वाजली. दुसऱ्यांदा आणखी जोरात आपटलं. तिचा श्वासच अडकला, ती उठेना. तिने माझं काय बिघडवलं होतं? कॅप्टनने माझा दंड धरून मला बाहेर नेऊन बसवलं. मला लाज वाटत होती आणि राग तसाच होता. मॅच आम्ही नऊ गुणांनी हरलो.

संपल्यावर मी त्या मुलीकडे गेले. ती बरगडीवर बर्फ धरून बसली होती.

"सॉरी. तुझा काही दोष नव्हता."

"माहीत आहे. तुझं भाषण ऐकलं मी," ती म्हणाली. "मी क्वारंटाइनच्या हॉटेलात नर्स आहे. त्याला येऊ द्यायला हवं होतं. आम्ही बघितलं असतं त्याच्याकडे. तेच तर आमचं काम आहे."

मैदानात रडले नव्हते, तिच्यासमोर रडले.

सोमवारी युनिने वीकेंडचा व्हिडिओ पाठवला. माझं भाषण त्यात नव्हतं. रंगवलेल्या गालांच्या मुलीला कडेवर घेतलेली मी मात्र होते, हसताना, आणि खाली 'आमचं जगभरचं कुटुंब' असं लिहिलेलं. मी मेल केली, "माझं बोलणं पूर्ण दाखवा, नाहीतर माझा आणि मुलीचा फोटो त्यातून काढून टाका." दोन दिवसांनी त्यांनी तो काढून टाकला. उत्तर आलं नाही.

तो हुकूम पंधरवड्यात संपला, पण विमानांत जागा मिळेना. नवरा सप्टेंबरमध्ये आला आणि चौदा दिवस हॉटेलात राहिला. घरी आल्यावर मुलगी पहिले दोन दिवस त्याच्याशी पाहुण्याशी बोलावं तशी बोलली. सासूबाई पुण्यात एकट्याच राहिल्या. सासऱ्यांचं वर्षश्राद्ध त्यांनी व्हिडिओ कॉलवर आम्हाला दाखवलं.

कॅप्टनशी मैत्री टिकली. मी त्या वीकेंडला मात्र पुन्हा गेले नाही. "कोविडचे दिवस होते गं, सोडून दे," असं आपलीच माणसं सांगतात, इथेच दुसऱ्या शहरात, टूनगॅबीला राहणारी माझी मावसबहीणसुद्धा. मी मध्यंतरी इथलं नागरिकत्व घेतलं, मुलीच्या शाळेसाठी, कामासाठी. नवऱ्याचा अर्ज त्याच्या लॅपटॉपवर अर्धाच भरून पडलाय. मी विचारलं की म्हणतो, "भरू गं, काय घाई आहे."