उलटी काच

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हांला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं ते नाही.

रत्नागिरीत माझं फोटोचं दुकान आहे. लग्नं, मुंजी, मुंबईला निघालेल्या नवऱ्यासोबत उभी बायको — हेच माझं काम. चळवळीचे दिवस आले तेव्हा कॅमेरा खांद्यावर घेऊन मीही बाहेर पडलो. देशासाठी? थोडं देशासाठी. थोडं मिरवायला.

कचेरीसमोर मिरवणूक होती. मी कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवून काळ्या फडक्याखाली डोकं घातलं, तोच फडकं ओढलं गेलं. हवालदार घाग. गावात सगळे त्याला डावरा म्हणत, कारण काठी, विडी, सगळं डाव्या हातात. त्यानं ते फडकं माझ्या डोक्यावरून पदरासारखं घेतलं, हनुवटीखाली गाठ मारली आणि लोकांकडे वळून ओरडला, "बघा रे, नवरी नटली! आता नवरा कोण ते ठरवा!"

लोक हसले. पोलीस नव्हे — आपले लोक. ज्यांच्यासाठी मी आलो होतो ते.

मग "आत काय लपवलंस ते बघू तरी" म्हणत त्यानं फोटो ज्यावर उमटतो त्या माझ्या सहाही काचा उन्हात उघडल्या. ऊन लागलं की काच मेली. मी त्याचा हात धरला, तेव्हा थप्पड बसली. डाव्या हाताची. आमच्याकडे डाव्या हातानं कुणाला प्रसादही देत नाहीत.

ते हसू मी घरी नेलं. जेवताना, अंघोळ करताना, दाढी करताना आरशात — ते होतंच. घागला मारावं असं मला वाटत नव्हतं. त्याच्याकडे बघून कुणी हसूही नये, नुसती तोंडं फिरवावीत, असं काहीतरी मला हवं होतं.

महिन्याभरानं भाट्याच्या किनाऱ्यावर लोक मीठ करायला जमले. मी लांब, सुरूच्या झाडाआड कॅमेरा लावला होता. लाठ्या सुरू झाल्या, पळापळ झाली. धाकू आजोबा — मासेमारी करणारे म्हातारे खारवी, गुडघ्यांनी अधू — मागे राहिले. बाहेरगावाहून आणलेल्या एका शिपायानं त्यांच्या डोक्यावर काठी उगारली. माझ्याकडे त्याची पाठ होती. काठी उजव्या हातात. मी टिपलं.

घाग तिथेच होता. मी पाहिलं ते असं — तो धावत आला, त्या शिपायाला ढकललं, आजोबांना उचलून सावलीत नेलं, आणि स्वतःच्या तांब्यातलं पाणी त्यांच्या तोंडाला लावलं. माझ्याकडे एक काच शिल्लक होती. ती मी वापरली नाही.

आता ऐका. दुकानात मी फोटो छापायला बसलो. काचेची रसायनाची बाजू कागदावर टेकवायची असते, हे शिकाऊ पोरालाही कळतं. त्या दिवशी माझ्याकडून काच उलटी ठेवली गेली. चूक होती — पहिल्यांदा खरोखर चूक होती. उन्हात कागदावर चित्र हळूहळू काळं होत आलं, आणि मला दिसलं की डावं उजवीकडे गेलंय, उजवं डावीकडे. शिपायाची पाठ. काठी डाव्या हातात.

मी कागद फाडायला हवा होता. मी काय केलं? दुसरा कागद घेतला आणि काच मुद्दाम उलटी ठेवली. मग तिसरा. उलट्या काचेनं चित्र थोडं धूसर येतं. त्या धूसरपणात उंची, बांधा, सगळंच घागसारखं दिसायला लागलं. एकच अडचण होती. भाट्यावरून समुद्राकडे पाहिलं की किल्ल्याची टेकडी आणि दीपगृह उजव्या हाताला, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. माझ्या फोटोत ते डावीकडे आलं होतं. मी कात्री घेतली आणि तेवढी पट्टी कापून टाकली.

मी कुणाचं नाव घेतलं नाही. दुकानात येईल त्याच्या हातात फोटो द्यायचो, आणि कुणी विचारलं, "काठी डाव्या हातात ना हो?" — की नुसतं म्हणायचो, "तुम्हीच बघा."

न्हाव्यानं घागची दाढी बंद केली. वाण्यानं तांदूळ बंद केले. त्याची बायको बाजारात आली तेव्हा मासळीवाली टोपलीवर फडकं टाकून म्हणाली, "डावऱ्याच्या चुलीवर माजी मासळी शिजायची नाय. जा तू." मी चार पावलांवर उभा होतो. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू — गोड वाटलं.

एके दुपारी घाग दुकानात आला. गणवेश नव्हता. "मास्तर," म्हणाला — मला पहिल्यांदाच मास्तर म्हणाला — "तुमी तिथं होतात. मी झाडाआड तुमाला बघितलं, पण कुणाला बोललो नाय. आई अंथरुणाला खिळलीय. एवढं सांगा लोकास्नी, तो मी नव्हं."

मी भिंग पुसत राहिलो. म्हणालो, "काचेवर आलं ते आलं, हवालदार."

त्यानं वहाणा घातल्या. मग गेला.

आठवड्यात त्याची आई वारली. तिरडीला खांदा द्यायला गावातून कुणी निघालं नाही. घाग आणि तीन परके शिपाई माझ्या दारावरून गेले. रस्त्यावर दारं मिटत होती. कुणी हसलं नाही. हवं होतं ते अगदी तसंच झालं होतं. मी माझं दार उघडं ठेवलं, नीट दिसावं म्हणून.

पुढे त्याची बदली झाली. कुठे, ते मी विचारलं नाही. त्या थपडेचा राग मात्र अजून आहे. तो गेला म्हणालो तर आणखी एक खोटं होईल. कापलेली पट्टी डब्यात आहे, दीपगृहासकट.

धाकू आजोबा त्यानंतर चार वर्षं जगले. त्या दिवसाचं त्यांना फारसं आठवत नसे. दुकानाच्या पायरीवर बसत आणि प्रत्येक वेळी एकच विचारत, "माका पाणी कुनी पाजलान रे? तू तिथं व्हतास ना?" मी म्हणायचो, गर्दी होती आजोबा, दिसलं नाही.

दिसलं होतं. घागनं पाजलं. डाव्या हातानं.