कडेच्या घरातलं प्यादं

माझे मामा कंपाउंडर. एकाच दवाखान्यात एकेचाळीस वर्षं. तेवढ्या काळात डॉक्टर दोन झाले, आधी वडील आणि मग मुलगा, पण औषधाच्या खिडकीतला चेहरा बदलला नाही. डॉक्टरांचं अक्षर डॉक्टरांनाही लागायचं नाही, ते मामांना लागायचं. सकाळच्या गोळ्यांच्या पुडीला ते एक घडी घालायचे, दुपारच्या पुडीला दोन, रात्रीच्या पुडीला तीन. ज्यांना वाचता येत नसे, ते बोटांनी चाचपून औषध घ्यायचे. अशी माणसं लांबून त्यांच्याकडे यायची आणि निर्धास्त परत जायची.

घरी त्यांना एकच वेड होतं, बुद्धिबळाचं. तेही कुणाशी खेळायचं नाही. "समोरचा विचार करत बसतो आणि माझा चहा गार होतो," म्हणायचे. त्यांना हवं असायचं ते रविवारच्या पुरवणीतलं कोडं. तीन खेळींत मात करा, समोरच्याने काहीही केलं तरी सुटका नाही, असलं. पट मांडून बसले की जेवणाआधी मात व्हायचीच.

या कोड्यावर त्यांनी एक नियम बांधला होता. त्यांच्या आधीचा कंपाउंडर शेवटी शेवटी विसरायला लागला होता. एकदा त्याने खोकल्याच्या बाटलीत भलतंच औषध भरलं, डॉक्टरांनी वेळेवर पाहिलं म्हणून निभावलं. "सगळ्या गल्लीला कळलं होतं, त्याला एकट्याला सोडून," मामा सांगायचे. "माझं तसं होऊ द्यायचं नाही मला. ज्या रविवारी मात सुटणार नाही, त्या सोमवारी मी दवाखान्याची पायरी चढणार नाही." आम्ही हसायचो. मामी म्हणायच्या, "मग मीच लपवते एखादी सोंगटी. तेवढेच घरी तरी राहतील."

आणि ती पुरवणी लावायचो मी. पेपरात पानं लावणं हेच माझं काम. बुद्धिबळाचे एक म्हातारे मास्तर हाताने कोडं काढून पाठवायचे, ते बघून मी कॉम्प्युटरवर चौकटीत सोंगट्या बसवायचो. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून पान छपाईला सोडण्याआधी मास्तरांच्या कागदाशी एकेक सोंगटी ताडून पाहायची, एवढंच करायचं असे. त्या शनिवारी मी ते केलं नाही. घाई नव्हती, डोकं दुखत नव्हतं, काही नव्हतं. कंटाळा आला होता.

रविवारी दुपारी मामा माझ्या घरी आले. हातात पुरवणीची घडी होती. रविवारचे ते कधी घराबाहेर पडत नसत.

"जरा विचारायचं होतं रे," ते दारातूनच म्हणाले. "काळा राजा निसटतोय. त्याच्याजवळ, अगदी कडेच्या घरात, एक काळं प्यादं असतं ना, तर जमतं. घोड्याने शह द्यायचा. मग वजीर चक्क हत्तीच्या तोंडी द्यायचा. हत्तीने तो मारला की राजा आपल्याच माणसांत कोंडला जातो, आणि घोड्याने मात. पण इथे प्यादंच नाही, राजा त्या घरातून पळतो. छापताना काही राहिलं तर नाही ना?"

मी जेवत होतो. महिन्यापूर्वीच शब्दकोड्यातले चौकोन चुकले म्हणून संपादकांनी सगळ्यांसमोर माझी बिनपाण्याने केली होती, आणि ते अजून झोंबत होतं. मी पुरवणीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, "चूक नाही मामा. मी स्वतः दोनदा तपासलंय. तुमच्याच नजरेतून काहीतरी सुटतंय. वय झालं आता."

ते शेवटचं मी थट्टेत बोललो, असं पुढे बरेच दिवस मी स्वतःला सांगत होतो. थट्टा बिट्टा काही नव्हती. मला त्यांना गप्प करायचं होतं.

"हो का?" ते म्हणाले. "तू म्हणतोस म्हणजे बरोबरच असणार." पाणीसुद्धा न घेता ते गेले.

सोमवारी ऑफिसात मास्तरांचा कागद काढून बघितला. कडेच्या घरात काळं प्यादं होतं. चांगलं ठसठशीत काढलेलं. मी कागदाचे चार तुकडे करून टोपलीत टाकले. पुढच्या दोन दिवसांत चूक कळवणारी दोन पत्रं आली, तीही त्याच टोपलीत गेली. मामांचा नियम आठवला का? आठवला. तो गमतीचा आहे अशी मी सोयीची समजूत घालून घेतली आणि मूग गिळून बसलो.

गुरुवारी मामींचा फोन आला. "हे सोमवारपासून दवाखान्यात गेलेच नाहीत रे. डॉक्टर दोनदा येऊन गेले, तर यांनी खिडकीची किल्लीच त्यांच्या हातात ठेवली. म्हणतात, छापलेलं समोर आहे आणि मला दिसत नाही, उद्या चिठ्ठीवरचं दिसणार नाही. एकच पट मांडून बसलेत. तू ये."

संध्याकाळी गेलो. जाण्याआधी ते प्यादं घालून कोडं पुन्हा लावलं आणि त्याचा कागद खिशात घेतला. मामा खिडकीपाशी पटासमोर बसले होते. त्यांची रक्तदाबाची गोळी घ्यायची वेळ झाली होती. त्यांनी पाकिटातून गोळी काढली आणि मामींपुढे तळहात धरला. "हीच ना गं?"

मी सगळं सांगून टाकलं. तपासलं नव्हतं, तुमच्याशी खोटं बोललो, प्यादं होतं, माझ्याकडून राहिलं. कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पटावर प्यादं ठेवलं. घोडा, वजीर, हत्ती, घोडा. मिनिटभरसुद्धा लागलं नाही.

"बघा, सुटलं की नाही!" मी ओरडलोच.

मामा हसले. पेशंटला "उद्यापर्यंत उतार पडेल" म्हणताना हसायचे तसे. "मी सांगितलं त्याच घरात प्यादं ठेवून आणलंस. माझं मन राखायला आलास, बरं वाटलं."

"मन राखायला नाही हो मामा. खरंच माझी चूक आहे."

"मग मास्तरांचा कागद दाखव."

"फाडला."

"का?"

"घाबरलो म्हणून."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे. तू एवढासा होतास तेव्हापासून बघतोय तुला. तू असं करणाऱ्यातला नाहीस."

"मास्तरांना फोन लावू का? ते सांगतील."

"त्यांना कशाला या वयात खोटं बोलायला लावतोस?"

मामी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना सगळं पटलं होतं, हे त्यांच्या बघण्यावरूनच कळत होतं. मला मान वर करवेना.

शुक्रवारी मी संपादकांपुढे जाऊन उभा राहिलो आणि कबूल केलं. त्यांनी हातातल्या मजकुरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. "बरं. खाली दोन ओळींची दुरुस्ती टाक." एवढंच. एवढ्यासाठी मी घाबरलो होतो.

दोन ओळी मीच लिहिल्या, मीच लावल्या. गेल्या रविवारच्या कोड्यात पान लावणाऱ्याच्या चुकीमुळे एक काळं प्यादं राहून गेलं होतं. या वेळी अक्षर न् अक्षर चार वेळा तपासलं.

रविवारी सकाळी मामांचा फोन आला. मी कानात प्राण आणून ऐकत होतो.

"वाचलं रे," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, कुणी ऐकत असल्यासारखे बोलले, "पण माझ्यासाठी पेपरात खोटं छापत जाऊ नकोस. कुणाच्या लक्षात आलं तर नोकरी जाईल तुझी."