पाण्यानं वाजवलेली घंटा

बाभुळगावजवळच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये आगीसाठी राखलेल्या पाण्याची टाकी तपासायला एक बाई आली होती. तिचं नाव मी विचारलंच नाही. टाकीत एका दांडीवर चुंबक बसवलेला पोकळ गोळा तरंगायचा. पाणी उतरलं की तो खाली यायचा आणि घंटा वाजायची. मी हातानं गोळा दाबून घंटा वाजवून दाखवली.

"हातानं तं कोणीबी वाजवते, भाऊ. पाण्यानं वाजवली पाह्यजे. टाकी खाली करा."

टँकरचं पाणी! मी चिडलो. "कापसाले भाव नाही, ताई. एवढी काळजी कायले?"

"भाव नाही म्हून जळू द्याचा काय?"

तिनं पाइप फाटकापाशी ओढत नेला आणि कापूस घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बैलबंड्यांच्या बैलांसाठी हौदात सोडला. टाकीतलं पाणी तळाला गेलं, तरी घंटा गप्प. उडून आलेली कापसाची रुई भिजून दांडीला घट्ट गुंडाळली गेली होती आणि गोळा वरच अडकला होता. तिनं ती नखांनी धागा धागा करून काढली.

गोळा अलगद खाली आला. घंटा अशी खणखणली की हौदावरच्या बैलांनी ओली तोंडं वर उचलली.

बाई तेव्हा कुठे हसली. "आता भरा."