वैशाली, टाकी भरली गं

सोमा गेल्यावरही रोज सकाळी त्याच्या घरात बोलायचा.

"वैशाली, टाकी भरली गं. मोटर बंद कर."

भुताखेताची गोष्ट नाही ही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरची आहे. आज त्याला जाऊन वर्ष झालं.

सोमनाथ सुरगाण्याकडच्या पाड्यावरचा. घरी भात आणि नागलीची शेती. वसतिगृहात राहून शिकला, इंजिनिअर झाला, पुण्यात नोकरी केली आणि एक दिवस लॅपटॉप उचलून नाशिकला आला. इंदिरानगरात, आमच्याच बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला. परदेशातल्या कुठल्याशा बँकेचे प्रोग्रॅम तो इथल्या बेडरूममध्ये बसून लिहायचा.

मी माईक-स्पीकरवाला. लग्नं, जयंत्या, बारशी. शाळा सातवीपर्यंत. बाकीचं शॉक खाऊन खाऊन शिकलो.

म्हणून आमचं जमलं.

रविवारी तो गॅलरीत सोल्डरिंग करत बसायचा. राळेचा गोडसर धूर, मांडीवर उघडा पडलेला कुणाचा तरी जुना रेडिओ, आणि शेजारी मी, चहाचा कप घेऊन. बोलणं फारसं नाही. रेडिओत मधूनच खरखर यायची, लांबचं कुणीतरी बोलायचं, पुन्हा विरून जायचं.

गॅलरीतला दिवाही त्यानेच केलेला. अंधार पडेल तसा हळूहळू उजळायचा.

मी म्हटलं, "बटण दाबलं की लागतो. एवढा खटाटोप कशाला?"

"काका, फटकन दिवा लावला की संध्याकाळ दचकते."

हा माणूस बँकेची कामं कशी करतो, मला प्रश्नच पडायचा.

आता टाकीचं सांगतो.

वाहणारी टाकी सोमाला बघवत नसे. म्हणायचा, "माझी आई टेकडी उतरून झऱ्यावरून हंडा आणायची. थोडं सांडलं तरी वाटेत थांबून त्या ओल्या मातीकडे बघत राहायची."

म्हणून त्याने गच्चीवरच्या आपल्या टाकीत एक सेन्सर सोडला आणि स्वयंपाकघरात छोटी डबी बसवली. टाकी भरली की वायफायवरून निरोप खाली येणार आणि डबी बोलणार. आवाज भरायला माईक माझाच नेला.

वैशाली, त्याची बायको, शाळेत शिक्षिका. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "नाव कशाला घेतोस माझं? सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल."

"मग मोटर कोण बंद करणार? बिल्डिंग?"

त्याने माईकसमोर पुन्हा तेच वाक्य म्हटलं, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि तो हसला. तेच रेकॉर्डिंग त्याने ठेवून दिलं. शिट्टीसकट, हसण्यासकट.

मागल्या वर्षी हृदयाने दगा दिला. टेबलावर लॅपटॉप उघडाच होता.

नंतर लक्षात आलं, फोनमधले सगळे व्हिडिओ त्यानेच काढलेले. लेक साक्षी नाचतेय, वैशाली लाजतेय, मीसुद्धा आहे. फक्त तो नाही. ना चेहरा, ना आवाज.

आवाज उरला तो त्या डबीत.

वैशाली मोटर लावायची. तो बोलला की लगेच बंद करायची नाही. दुसऱ्यांदा बोलू द्यायची. मगच म्हणायची, "ऐकलं रे."

मला खाली ऐकू यायचं. चहा गार व्हायचा.

मागच्या आठवड्यात इंटरनेटचं कनेक्शन बदललं. नव्या कंपनीचा पोरगा आला, जुना राउटर काढून घेऊन गेला, दोघींच्या फोनमधलं जुनं वायफाय काढून नवं टाकून दिलं. पाच मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी टाकी भरली आणि घर गप्प.

पाणी जिन्यावरून माझ्या दारापर्यंत आलं. मी वर धावलो. वैशाली ओल्या फरशीवर बसलेली.

"काका, मी त्याचा आवाज घालवला."

साक्षीने सोमाच्या ऑफिसातल्या मित्राला स्पीकरवर फोन लावला. तो म्हणाला, "वहिनी, आवाज डबीतच आहे, कुठे जात नाही. फक्त निरोप पोचत नाहीये. नव्या वायफायला जुनं नाव आणि जुना पासवर्ड द्या, काम झालं."

जुना पासवर्ड कुणालाच आठवेना. तो टाईप करायची वेळच कधी आली नव्हती.

मग मी हळूच खिशातून माझा मोबाईल काढला.

सोमाने कौतुकाने एकदा जोडून दिलेलं त्याचं वायफाय मी अजून वापरत होतो. फुकट ते पौष्टिक. कालपासून नेट बंद होतं, पण विचारायचं कुठल्या तोंडाने?

साक्षी माझ्या फोनमध्ये शिरली आणि तिने पासवर्ड काढलाच. म्हणाली, "आजोबा, गेले वर्षभर तुम्ही आमच्या नेटवर कुस्त्या बघताय?"

"तुझ्या बापाची परवानगी होती."

रडता रडता वैशाली हसली.

सेटिंग झालं. थोडं पाणी सोडून दिलं, मोटर लावली. तिघं ओट्यापाशी उभे. नळीतून पाणी चढल्याचा आवाज भिंतीत ऐकू येत होता, जणू कुणी लांबून चालत येतंय.

आणि आला.

"वैशाली, टाकी भरली गं..."

कुकरची शिट्टी. हसू.

या वेळी वैशालीने पहिल्याच हाकेला मोटर बंद केली.

आज सकाळी ती खाली आली. म्हणाली, "काका, माईक आणा. डबीत साक्षीचा आवाज भरू. त्याचा काढून नीट जपून ठेवू."

मी म्हटलं, "अगं, ही काही कॅसेट नाही. कितीही वाजवला तरी आवाज झिजत नाही."

"आवाज नाही झिजत, काका. मी झिजते."

माईक घेऊन वर गेलो.

सोमाचा आवाज पेनड्राइव्हवर घेतला, दोन फोनमध्ये घेतला, पाड्यावर त्याच्या भावालाही पाठवला. मग साक्षी माईकसमोर उभी राहिली. पहिल्यांदा 'आई'वरच थांबली. दुसऱ्यांदा नीट बोलली.

"आई, टाकी भरली."

सोमा, लेकीचा आवाज खणखणीत आहे. घरातलं पाणी आता ती बघेल.

तू निवांत राहा, बाळा. भरल्या मनाने निरोप.

— खालच्या मजल्यावरचा काका